माया अवशेष बघायचेत, पण जहाज निघून गेलं तर?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत गॅल्व्हेस्टनहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ बुक केली आहे. वाटेत मेक्सिकोतलं कोस्टा माया, शेजारच्या बेलीझ देशाचं बंदर आणि पुन्हा मेक्सिकोतलं कोझुमेल अशी तीन बंदरं आहेत. सोबत नाशिकहून आलेले सासू-सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, त्यांना तिथल्या प्राचीन माया लोकांचे अवशेष बघायचेच आहेत, पण गुडघे कुरकुरतात. जहाजाच्या सहलींचे पाच जणांचे दर बघून डोळे पांढरे झाले. बाहेरचे स्थानिक टूरवाले जवळपास निम्म्यात नेतात. नवऱ्याचं म्हणणं, तिन्ही ठिकाणी बाहेरूनच बुक करू आणि कोझुमेलहून चिचेन इत्झा हे प्रसिद्ध माया शहरही उरकून टाकू. सासूबाईंनी मात्र ‘जहाज निघून गेलं तर?’ म्हणून धसका घेतला आहे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : सासूबाईंचं ऐका, पण एकाच बंदरापुरतं नाही आणि सगळ्या बंदरांपुरतंही नाही. त्यांची भीती रास्त आहे. जहाज खरंच निघून जातं. बंदराला टेकलेल्या जहाजाचा जिना उचलायच्या वेळी धक्क्यावरून धावत येणारी माणसं आणि वरच्या बाल्कन्यांतून टाळ्या पिटणारे प्रवासी हा क्रूझवरचा नेहमीचा फुकट तमाशा आहे. त्या धावणाऱ्यांत आपले सासरे नकोत.

नियम साधा आहे. जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज थांबतं, आणि थांबणं शक्य नसेल तर कंपनी स्वतःच्या खर्चाने तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवते. बाहेरून घेतलेल्या सहलीला हे लागू नाही. तिथे पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, सगळं तुमच्या खिशातून. जहाज जे जास्तीचे पैसे घेतं, त्यातले बरेचसे या हमीचे असतात. बस, ड्रायव्हर, गाइड बहुतेकदा तिथलेच, कधी कधी तर त्याच स्थानिक कंपनीचे.

म्हणून प्रत्येक बंदरात एकच गोष्ट तपासायची : ही हमी इथे विकत घेण्याजोगी आहे का? आणि ते ठरतं परतीच्या वाटेवर. जहाज ते अवशेष या वाटेत किती ठिकाणी दुसऱ्याच्या मर्जीवर थांबावं लागतं ते मोजा. एकच गाडी, एकच रस्ता असेल तर बाहेरून जा. मधे फेरी बोट, होडी, बदलायची बस आली की प्रत्येक ठिकाणी उशिराची एक नवी शक्यता उभी राहते, आणि तिथे जहाजाचे पैसे मोजलेले बरे. किती किलोमीटर हा प्रश्न त्यानंतरचा.

या हिशेबाने तुमची तीन बंदरं अगदी तीन प्रकारची आहेत.

कोस्टा माया बाहेरून करा, बिनधास्त. जहाज थेट धक्क्याला लागतं. इथून चाक्चोबेन हे माया स्थळ गाडीने साधारण तासाभरावर आहे, सरळ रस्ता, मधे पाणी नाही. स्थळ लहान आहे. २००२ साली लोकांसाठी खुलं झालं, त्यामुळे चिचेन इत्झासारखी दुकानांची रांग नाही. दाट झाडी, मोठमोठे पाम, त्यांच्यामधून अचानक समोर येणारा पायऱ्यांचा पिरॅमिड, आणि काही भिंतींवर अजून दिसणारा लाल रंगाचा पुसट थर. सासऱ्यांना तो मुद्दाम दाखवायला सांगा. ही मंदिरं आज करडी दगडी दिसतात, पण त्या काळी ती गिलावा करून रंगवलेली असत. शाळेत अजिंठ्याचा रंग शिकवलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही, दिसलं की कळेल. वाटा बऱ्यापैकी सपाट आहेत, पायऱ्या टाळूनही बरंच बघता येतं.

बाहेरून जाण्याचा इथे पैशांपलीकडचा फायदा आहे. जहाजाच्या मोठ्या बसगाड्या एकदम निघतात आणि एकदम पोचतात. तुम्ही पाच जण आहात, म्हणजे लहान व्हॅन अख्खी घेता येते. टूरवाल्याला सांगा की बसच्या आधी पोचायचं आहे. रांगेविना मिळालेला पाऊण तास आणि सासऱ्यांच्या चालीने चालणारा गाइड यासाठीच तर खटाटोप करायचा. एक लक्षात ठेवा : कोस्टा मायाचं बंदर म्हणजे दुकानं, तलाव, बार असलेलं बंदिस्त संकुल आहे. बाहेरचे टूरवाले सहसा त्या संकुलाबाहेर भेटतात. नेमकं कुठे भेटणार हे खुणेसकट लेखी घ्या, आणि आतले विक्रेते ‘तुमचा टूर इथूनच’ म्हणाले तरी चालत राहा.

आता घड्याळ. यावर थोडा वेळ घालवते, कारण लोक रस्त्यापेक्षा घड्याळाने जास्त फसतात.

डिसेंबरात ह्यूस्टन आणि बेलीझची वेळ एकच असते. कोस्टा माया आणि कोझुमेल मात्र मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात येतात. या राज्याने २०१५ साली घड्याळ एक तास पुढे नेलं आणि तेव्हापासून तिथे उन्हाळी-हिवाळी बदल होत नाही. म्हणजे डिसेंबरात ह्यूस्टनमध्ये नऊ वाजतात तेव्हा तिथे दहा वाजलेले असतात. आता जहाज कुठलं घड्याळ पाळणार? काही कप्तान निघालेल्या बंदराचीच वेळ शेवटपर्यंत ठेवतात, काही जण रात्री सगळ्यांना घड्याळं पुढे करायला सांगतात. केबिनमध्ये किंवा ॲपवर येणाऱ्या रोजच्या पत्रकात ते लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही.

जहाज ह्यूस्टनच्या वेळेवर राहिलं तर तुमचा धोका सकाळचा आहे. टूरवाल्याने ‘नऊला गेटवर’ सांगितलं, तुम्ही जहाजाच्या नऊला गेलात, तर तिथे दहा वाजून गेलेले असतील आणि व्हॅन गेलेली असेल. मायामीहून उन्हाळ्यात निघणाऱ्यांचा धोका उलटा आणि जास्त वाईट. तेव्हा मायामी बेलीझच्या दोन तास पुढे असतं. किनाऱ्यावर फोन दोन दाखवतो आणि जहाजावर चार वाजलेले असतात. फोन आपला आपण स्थानिक वेळ उचलतो, हीच तर मेख आहे. उपाय जुनाच : एक साधं काट्याचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावायचं आणि सासऱ्यांच्या मनगटावर बांधायचं. ज्यांनी आयुष्यभर तासाची घंटा सांभाळली त्यांच्याइतका भरवशाचा माणूस तुमच्यात दुसरा नाही. टूरवाल्याशी बोलताना प्रत्येक वेळेपुढे ‘जहाजाची वेळ’ किंवा ‘स्थानिक वेळ’ हे शब्द हवेतच.

आणखी एक : पत्रकातली जहाज सुटण्याची वेळ ही तुमची वेळ नव्हे. सगळ्यांनी परत चढायची वेळ तिच्या साधारण अर्धा तास आधी असते. मी त्याच्याही दीड तास आधी धक्क्यावर परत यायचं ठरवून टूर घेते. टूरवाला ‘अहो, एवढ्या लवकर कशाला’ म्हणाला तर दुसरा बघा.

बेलीझमध्ये गोष्ट बदलते. किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ असल्यामुळे मोठी जहाजं बरीच लांब नांगर टाकतात आणि प्रवासी छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जातात. अंतर पंधरा-वीस मिनिटांचंच, पण रांग लागते. जहाजाच्या सहलीवाल्यांना पहिल्या बोटींत बसवतात, बाकीच्यांना नंबर घेऊन थांबावं लागतं. परतताना लक्ष ठेवायचं ते शेवटच्या बोटीच्या वेळेवर. म्हणजे इथे दिवस दोन्ही टोकांनी कापला जातो.

इथे तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. आल्तुन हा हे स्थळ बेलीझ सिटीपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे, गाडीने तासाभरात. छोट्या बोटीची रांग धरूनही ते बाहेरून आरामात होतं. दोन मोकळे चौक, भोवती मंदिरं, आणि सुमारे सोळा मीटर उंचीचं मुख्य मंदिर, ज्यावर चढू देतात. १९६८ साली कॅनडाच्या रॉयल ओंटारियो म्युझियमचे डेव्हिड पेंडरगास्ट यांना याच मंदिरातल्या एका थडग्यात जेड या हिरव्या दगडाचं कोरीव मस्तक सापडलं, जवळपास साडेचार किलोंचं. बेलीझच्या नोटांवर ते छापलेलं असतं. मंदिर मात्र तिथल्या बिअरच्या बाटलीवर आहे. मुलाला नोट दाखवा, बाटलीचं सासऱ्यांवर सोपवा.

दुसरा पर्याय लामानाई, आणि माझं मन तिकडे आहे. तुमच्या सासऱ्यांसाठी या क्रूझवर याच्या तोडीचं दुसरं ठिकाण नाही. आधी बसने ऑरेंज वॉकच्या बाजूला, मग न्यू रिव्हर नदीतून तासभर होडी. काठावर मगरी, बगळे, करकोचे, आणि मधेच मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची शिपयार्ड नावाची शेतकरी वस्ती. होडी लागते ती थेट अवशेषांच्या काठाला. लामानाईचं वैशिष्ट्य असं की बाकीची बरीच माया शहरं ओस पडली तरी इथे वस्ती टिकली, ती पार स्पॅनिश लोक येईपर्यंत. त्यामुळे एकाच जंगलात माया मंदिरं, स्पॅनिशांनी बांधलेल्या दोन चर्चचे पडके अवशेष आणि एकोणिसाव्या शतकातला साखर कारखाना, असं सगळं बघायला मिळतं. एका मंदिराच्या दर्शनी भागावर माणसाच्या दुप्पट उंचीचा मुखवटा आहे. बाहेर दिसतो तो मूळ दगडी मुखवट्याचं रक्षण करायला त्यावर बसवलेली हुबेहूब प्रतिकृती आहे, पण गाइड विचारल्याशिवाय सांगत नाहीत. वर चढायची गरज नाही, खाली उभं राहूनच तो नीट दिसतो, आणि वाटा सावलीतल्या. हाउलर माकडं ओरडली तर मुलगा आयुष्यभर विसरणार नाही. वाघ आहे असं वाटतं, असतं वीतभर तोंडाचं माकड.

पण जहाजाची छोटी बोट, बस, नदीतली होडी, आणि परत हेच उलट. सगळा दिवस जातो आणि परतीच्या वाटेवर तीन वाहनं एकमेकांवर अवलंबून. लामानाई करायचं असेल तर जहाजाकडूनच करा आणि पैशांचा विचार सोडा. बेलीझमध्ये शुनानतुनिच नावाचं आणखी एक सुंदर, चाळीस मीटर उंच मंदिर असलेलं स्थळ आहे, पण ते ग्वाटेमालाच्या सीमेजवळ, जवळजवळ दोन तासांवर. गुडघे बघता मी ते यादीतून काढते.

राहिलं कोझुमेल. हे बेट आहे, हे तुमचे यजमान विसरले. चिचेन इत्झाला जायचं म्हणजे आधी फेरीने प्लाया देल कार्मेन, पाऊण तास. तिथून गाडीने दोन-अडीच तास. मग भर दुपारी पिरॅमिडपुढे तासभर, आणि परत तेवढाच प्रवास. पिरॅमिडवर चढायला तर कधीचीच बंदी आहे. नऊ वर्षांचं पोर आणि कुरकुरते गुडघे घेऊन हे करणं म्हणजे लग्नाला जाऊन फक्त अक्षता टाकून पळणं. शिवाय डिसेंबर म्हणजे ‘नोर्ते’चा हंगाम. उत्तरेकडून येणारा हा गार वारा सुटला की समुद्र खवळतो, आणि बंदर अधिकारी फेऱ्या सरळ बंद करतात. तुम्ही मुख्य भूमीवर, जहाज बेटावर, मधे बंद फेरी. सासूबाईंचा धसका इथे शंभर टक्के खरा ठरतो.

तुलुम कोझुमेलहून होतं, प्लायापासून तासभर. समुद्राच्या कड्यावरचं तटबंदीचं शहर, फोटोंत सगळ्यात देखणं. जायचंच असेल तर जहाजाच्या सहलीने, आणि फेरीत उलटीच्या गोळ्या आधी घेऊन. मी असते तर गेले नसते. सावली नाही, गर्दी प्रचंड, आणि आत शिरेपर्यंतच बरंच चालावं लागतं. त्यापेक्षा बेटावरचंच सान हेर्वासियो बघा. गावातून टॅक्सीने वीस-पंचवीस मिनिटं. अवशेष बुटके आहेत, भव्यतेची अपेक्षा ठेवू नका. पण हे इश्चेल देवीचं तीर्थक्षेत्र होतं. बाळंतपण आणि चंद्र यांच्याशी जोडलेली ही देवी, आणि मुख्य भूमीवरच्या बायका होड्यांतून समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला येत. सासूबाईंना कदाचित सगळ्यांत हेच आवडेल. तासाभरात होतं, मग उरलेला दिवस मोकळा. टॅक्सीत बसण्याआधी जाऊन-येऊन, थांबण्यासकट किती, ते ठरवा.

तर माझा कौल : कोस्टा मायाला चाक्चोबेन बाहेरून, बेलीझला लामानाई जहाजाकडून, कोझुमेलला टॅक्सीने सान हेर्वासियो. सलग तीन दिवस तीन मोठे अवशेष सासऱ्यांनाही झेपणार नाहीत, मुलाचं तर सोडाच.

बाहेरचा टूरवाला निवडताना स्वस्त कोण ते शेवटी बघा. पहिला प्रश्न हा विचारा : जहाज बंदराला लागलंच नाही तर? वाऱ्यामुळे बंदर वगळलं जाणं, क्रम बदलणं हे नेहमीचं आहे. चांगले टूरवाले अशा वेळी पूर्ण पैसे परत करतात आणि तसं लिहून देतात. आगाऊ थोडीच रक्कम द्यावी, तीही कार्डावर. बुकिंग करताना जहाजाचं नाव आणि तारीख सांगा, कारण एका दिवशी तीन-तीन जहाजं लागतात. ‘वेळेत परत आणण्याची हमी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर ती तुटल्यावर ते नक्की काय देणार, हे विचारा. पुढच्या बंदराचं विमानभाडं देणार असतील तर ठीक. नुसतेच टूरचे पैसे परत देणार असतील तर त्या हमीला काही अर्थ नाही. प्रवेशाचं तिकीट धरून दर आहे का, गाडीत एसी आहे का, किती माणसं भरणार, आणि वृद्ध माणूस सोबत आहे म्हटल्यावर समोरून काय उत्तर येतं, यावरून माणूस कळतो. बेलीझमध्ये गाइडला पर्यटन मंडळाचा परवाना लागतो आणि तो गळ्यात अडकवलेला असतो. तो बघितल्याशिवाय धक्क्यावर कोणाच्याही गाडीत बसू नका.

आता एक गोष्ट जी अमेरिकन प्रवाशांसाठी लिहिलेल्या सल्ल्यात सापडत नाही. तुमच्यातल्या ज्यांचा भारतीय पासपोर्ट आहे त्यांचं जहाज सुटलं, तर प्रश्न नुसत्या विमानभाड्याचा राहत नाही. मेक्सिकोत भारतीयांना चालू अमेरिकन व्हिसावर किंवा ग्रीनकार्डावर उतरता येतं, आणि ह्यूस्टनच्या विमानात बसायलाही तोच कागद लागणार. म्हणून बाहेरच्या टूरवर जाताना मूळ पासपोर्ट अंगावर, प्लॅस्टिकच्या पाकिटात. झेरॉक्स पुरत नाही. उशीर झालेल्या प्रवाशांचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीतून काढून बंदरातल्या एजंटाकडे ठेवण्याची पद्धत काही जहाजांवर आहे, पण त्यावर विसंबू नका. तुमच्यापैकी कोणाचा एच-वनचा शिक्का संपला असेल आणि फक्त मंजुरीचा कागद असेल, तर आत्ताच क्रूझ कंपनीशी लेखी बोला. बेलीझच्या नियमांचंही त्यांच्याकडूनच लेखी घ्या. आणि सासू-सासऱ्यांसाठी घेतलेला विमा अमेरिकेबाहेर, मेक्सिको-बेलीझमध्ये चालतो का ते बघा. तो पुष्कळदा चालत नाही.

पैशांचं थोडक्यात. मेक्सिकोत पेसोलाही डॉलरचीच खूण वापरतात, आणि बेलीझचा स्वतःचा डॉलर आहे, अमेरिकन डॉलरच्या बरोब्बर निम्म्या किमतीचा. त्यामुळे भाव ऐकला की ‘कुठला डॉलर?’ हे विचारायचंच. तिकिटासाठी मेक्सिकोत थोडे पेसो रोख ठेवा. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना अशा सरकारी स्थळांवर प्रवेश मोफत असतो, त्यामुळे कोस्टा माया रविवारी आलं तर आणखी लवकर निघा.

तुमच्याकडे कोणी शाकाहारी असतील तर राजमा-भात बघून लगेच खूश होऊ नका. मेक्सिकोत घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, बेलीझच्या भातात खारवलेलं मांस. ‘सिन मान्तेका’ म्हणजे चरबीशिवाय, एवढं पाठ करा. जहाजावरून फळं किंवा शिजवलेलं अन्न खाली नेऊ देत नाहीत, पण बंद पाकिटातली बिस्किटं, राजगिऱ्याच्या वड्या चालतात. भोपळ्याच्या बिया भाजून, टोमॅटोबरोबर वाटून केलेलं ‘सिकिल पाक’ मिळालं तर घ्या. सासूबाई त्याला चटणीच म्हणतील आणि दुसऱ्यांदा मागतील.

जहाजावर काही दिवस नुसतेच समुद्रात जातात. त्यातल्या एखाद्या दिवशी सासऱ्यांकडून मुलाला माया अंक शिकवून घ्या. बिंदू म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य, आणि मोजणी विसाच्या पटीत. भारताशी काडीचा संबंध नसताना त्यांनी शून्य वेगळं शोधलं, हे इतिहासाच्या शिक्षकाला नातवाला सांगायला मिळणं म्हणजे पर्वणी.

यजमानांचं चिचेन इत्झाही राहू देऊ नका, फक्त क्रूझला चिकटवू नका. ह्यूस्टनहून कॅनकूनचं थेट विमान आहे. तिथून वायादोलिदला जाऊन मुक्काम करा. गावापासून अवशेष पाऊण तासाच्या आत आहेत. सकाळी आठला दार उघडताच आत शिरलात की बसगाड्या यायच्या आधी दोन तास मिळतात. फक्त २१ मार्चच्या आसपास जाऊ नका. पायऱ्यांवरून उतरणारा सावलीचा साप बघायला तेव्हा एवढी गर्दी होते की साप सोडून बाकी सगळं दिसतं.